साखरेची लेस

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘साखरेची लेस’ हा विषय पाहून आमच्या दोघातिघा मित्रांना मुद्रणदोषाची शंका आली. त्यांचा दोष नाही. गेली तीस वर्षे बोनस, महागाई भत्ता आणि हजेरीपट यांपलीकडे आम्ही जाहीर सभेत फारसे बोललेलो नाही. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे जे काही वाचले ते नगरवाचनालयाच्या बाकावर, युनियनच्या कामातून सवड मिळेल तसे. अशा माणसाने केकवरच्या नाजूक जाळीविषयी तासभर बोलावे हे चमत्कारिक वाटणारच. म्हणून हा विषय आमच्या वाट्याला कसा आला ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका बेकरीतील कामगारांचे मागणीपत्र आम्ही तयार करीत होतो. बेकरीचे नाव येथे घेत नाही. त्याने काही साधणार नाही. तेथे केक सजवणारे चार कारागीर होते आणि त्यांना ‘कुशल’ वर्गाचे वेतन मिळावे अशी एक मागणी होती. मालकांच्या वतीने बोलणीसाठी आलेल्या गृहस्थांनी ती एका दमात उडवून लावली. ते म्हणाले, “भट्टीवाला कुशल, हे आम्हाला कबूल. पण हा माणूस कागदाच्या पुडीतून साखर पिळतो. यात कौशल्य कसले? हा हेल्पर.” आता उत्तर द्यायचे तर ते काम काय आहे हे आम्हाला ठाऊक हवे होते, आणि खरे सांगायचे तर ते आम्हाला मुळीच ठाऊक नव्हते. वाढदिवसाचा केक खाताना वरची नक्षी बोटाने पुसून चाटणाऱ्यांपैकीच आम्ही. त्या दिवशी बोलणी तहकूब करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या चौघांपैकी जो वडीलधारा होता त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलो.

हा माणूस सावंतवाडीकडचा. पोरवयात मुंबईत एका गोवेकर मिठाईवाल्याच्या हाताखाली शिकलेला. त्याने आधी भांडे आणि लाकडी चमचा उकळत्या पाण्याने धुतला. तुपातेलाचा एक थेंब जरी राहिला तरी अंड्याचा पांढरा बलक फुगत नाही, असे तो म्हणाला. मग पिठीसाखर चाळली. एकदा चाळणीतून आणि नंतर पुन्हा तलम कापडातून. याचे कारण नोझल पाहिल्यावर उमगले. शून्य नंबरच्या नोझलचे भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. एक न फुटलेला कण अडकला की रेघ तुटते आणि सारी कमान पुन्हा काढावी लागते. पांढऱ्या बलकात ती साखर थोडीथोडी घालून घोटायची, लिंबाचे चार थेंब टाकायचे. या मिश्रणाला रॉयल आयसिंग म्हणतात. पांढरेपणा उजळावा म्हणून त्याने निळ्या रंगाचा कण काडीच्या टोकाने सोडला. परीट धोतराला नीळ देतो, तीच युक्ती.

पुढे जे पाहिले ते अजून डोळ्यांपुढे आहे. बटरपेपरखाली पेन्सिलीने काढलेला नमुना. वर कोनाचे टोक. टोक कागदाला टेकवून ठेवायचे अशी आमची समजूत होती. ती चूक. टोक टेकले, साखरेचा धागा चिकटला, की हात वर उचलायचा. धागा हवेत लोंबतो, आणि हात पुढे जाईल तसा तो आपसूक खाली निजतो. म्हणजे रेघ ओढायची नसते, ती सोडायची असते. हात कापला तर धागा कापतो. दाब कमी झाला तर तुटतो. जास्त झाला तर गाठ होते. अशा रीतीने नखाएवढ्या जाळीदार पाकळ्या तो काढीत गेला. शंभर हव्या असल्या तर दीडशे काढतात. रात्रभर सुकल्यावर कागद टेबलाच्या कडेवरून हळूच खाली वाकवला की त्या सुटतात, आणि सुटताना काही फुटतातच. मग केकच्या कडेवर आयसिंगचे दोन बारीक ठिपके देऊन एकेक पाकळी तिरकी उभी करायची. दूरवरून पाहणाऱ्याला वाटावे, केकला कोणीतरी क्रोशाची झालर शिवली आहे.

आम्ही विचारले, “एवढा वेळ श्वास धरून बसता काय?” तो म्हणाला, “धरावाच लागतो, भाऊ. नाहीतर पाकळी उडते.”

आणखी एक प्रकार त्याने दाखवला, तो आमच्या श्रोत्या भगिनींना विशेष आवडेल. फुलाची बाह्यरेषा साखरेने काढायची, ती ओली असतानाच दमट कुंचल्याने कडेकडून आत ओढायची. साखर कडेला जाड आणि आत पातळ होत जाते, आणि भरतकामातला लांब-आखूड टाका हुबेहूब उतरतो. एका वेळी एकच पाकळी. दुसरी आधी काढून ठेवली तर ती सुकून बसते. तान्ह्या बाळाच्या झबल्यावर भोके पाडून त्यांच्या कडेने काजाचा टाका घालतात, त्याचीही साखरेत नक्कल आहे. फ्रेंच गाठीसाठी ठिपका, साखळीसाठी शिंपलीसारखे नोझल. एकूण सुईदोऱ्याची सारी शाळा या धंद्याने उचलली आहे.

तेव्हा आमच्या मनात प्रश्न आला की सुईचे काम साखरेत आले कधी आणि आणले कोणी? एकदा प्रश्न डोक्यात शिरला की आम्हाला झोप येत नाही. त्या शोधात जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ही कला मुळात इंग्लंडची. आपल्याकडे साखरेची कारागिरी नव्हती असे नाही. संक्रांतीला नव्या नवरीच्या अंगावर हलव्याचे दागिने, पाडव्याला गुढीच्या गळ्यात गाठी आणि लग्नात रुखवत मांडणारे आपण लोक. साखरेने शोभा आणण्याचा धडा आपल्याला कोणी देण्याची गरज नव्हती. परंतु केकवरची लेस ही विलायतेतच जन्मली. एलिझाबेथ रॅफल्ड या बाईने १७६९ साली पाकशास्त्राचे जे पुस्तक छापले, त्यात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा थर आणि त्यावर साखरेचा पांढरा थर देण्याची कृती आहे. रॅफल्डबाई मोठ्या घरी नोकरीत होत्या, पुढे त्यांनी मँचेस्टरला स्वतःचे दुकान थाटले. म्हणजे ही विद्या पगारी हातांतून वर आली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मात्र त्या काळी साखर सपाट फासली जाई. नक्षी हवी असली तर साखर आणि डिंकाची कणीक कोरीव लाकडी साच्यांत दाबून पाने, फुले, पुतळ्या काढीत आणि वर चिकटवीत.

आता १८४० सालाकडे येऊ. फेब्रुवारीत राणी व्हिक्टोरियाचा विवाह झाला. तिचा केक सुमारे तीनशे पौंड वजनाचा, तीन यार्ड घेराचा आणि चौदा इंच उंचीचा होता. वर ब्रिटानिया देवी वधूवरांना आशीर्वाद देत असल्याची फूटभर उंचीची मूर्ती. वर्तमानपत्रांनी त्याची वर्णने रकाने भरून छापली. पण आजच्या अर्थाने लेस त्या केकवर नव्हती. लेस होती ती वधूच्या अंगावर. आणि तिची कथा आम्हाला केकपेक्षा महत्त्वाची वाटते.

राणीने लेस परदेशी न घेता आपल्याच देशाची घेतली. डेव्हन परगण्यातल्या बीर नावाच्या मच्छीमारी गावात आणि आसपास ती विणली गेली. होनिटन लेस म्हणून तिची प्रसिद्धी. दोनशेहून अधिक बायका १८३९ च्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत त्या कामावर होत्या. हे विणकाम मागावर होत नाही. मांडीवर घट्ट भरलेली उशी, तिच्यावर टाचण्यांनी टोचलेला नमुना, आणि दोऱ्याच्या शेंगेएवढ्या लाकडी कांड्या इकडून तिकडे टाकीत पीळ घालायचे. तासन्‌तास मान खाली घालून बसल्यावर बोटभर काम होते. या भागात मुलींना पाचसहा वर्षांच्या वयात ‘लेसच्या शाळेत’ घालीत. शाळा म्हणजे एखाद्या बाईच्या घरातली कोंदट खोली, आणि शिक्षण म्हणजे कांड्या टाकणे. मजुरी पुष्कळदा रोकडीत न देता व्यापारी आपल्याच दुकानाच्या मालात देई. ही रीत बंद करण्याचे कायदे होऊनही ती गावोगाव चालूच होती. राणीच्या लेसचा नमुना पुन्हा कोणी वापरू नये म्हणून नंतर नष्ट करण्यात आला. दोनशे बायकांनी नऊ महिने बोटे झिजवली, आणि ती नक्षी आपल्या घरच्या लेकीसुनांसाठी काढण्याची त्यांना सोय उरली नाही!

या कथेत यंत्राचाही हात आहे. राणीच्या बुरख्याची फुले हाताने विणलेली. पण ज्या जाळीवर ती टाकली ती यंत्राची होती. जॉन हीथकोट या कारागिराने १८०९ च्या सुमारास लेसची जाळी विणणारे यंत्र सिद्ध केले. १८१६ च्या जूनमध्ये लफबरो येथील त्याच्या गिरणीवर रात्री हल्ला होऊन पन्नासांवर यंत्रे फोडली गेली. पुढे या प्रकरणी माणसे फासावर गेली, आणि हीथकोटने आपला कारखाना डेव्हनमध्ये, म्हणजे हातलेसवाल्या बायकांच्या दारातच, हलवला. यंत्रे फोडणाऱ्यांना वेडे म्हणण्याची पुस्तकांची रीत आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. यंत्र फोडून पोट भरत नाही हे आम्हालाही कळते, पण पोट मारले गेल्यावर माणूस हाताशी असेल त्यावर घाव घालतो.

यंत्रामुळे लेस स्वस्त झाली. दुकानदाराच्या बायकोच्या झग्याला, टेबलावरच्या रुमालाला, खिडकीच्या पडद्याला ती लागू लागली. जी वस्तू दरबारात दिसे ती दिवाणखान्यात आली, आणि दिवाणखान्यात आलेली वस्तू जेवणाच्या टेबलावर यायला उशीर लागत नाही. फक्त त्यासाठी साखरही स्वस्त व्हावी लागली.

साखरेचा इतिहास येथे विस्ताराने सांगायला बसलो तर रात्र पुरणार नाही. तरी चार शब्द सांगितलेच पाहिजेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात माणशी वर्षाला सुमारे अठरा पौंड साखर खपे; १९०० च्या सुमारास ती नव्वदच्या आसपास पोचली. आधीची साखर वेस्ट इंडीजच्या मळ्यांतल्या गुलामांनी पिकवलेली होती. गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला, १८३४ पासून अमलात आला, आणि नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड देण्यात आले. गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. गुलाम सुटले तेव्हा मळ्यांसाठी माणसे कोठून आणावी हा प्रश्न पडला, आणि मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. १८३४ पासून मॉरिशसला करारबद्ध मजूर जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते. आज मॉरिशसमध्ये जो मराठी समाज नांदतो, गणपती बसवतो, तो त्यांचा वंश. ज्या पोर्ट लुईच्या धक्क्यावर ही माणसे उतरली तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारशात नोंदला गेला. मॉरिशसची साखर विलायतेला जाई. पुढे ती मुंबईलाही इतकी येऊ लागली की पांढऱ्या साखरेला आपल्याकडे ‘मोरस साखर’ हेच नाव पडले. जुन्या पुस्तकांत तो शब्द भेटतो तेव्हा त्यामागे रत्नागिरीकडच्या कोयतेवाल्याचा घाम आहे हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. साखरेवरचा कर इंग्लंडने १८७४ साली काढून टाकला, आणि त्यानंतर पांढरीशुभ्र साखर मध्यम घरांच्याही आटोक्यात आली.

आता केक पुन्हा पाहा. राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात, १८५८ साली, केक माणसाएवढा उंच झाला. पण खालचा भाग तेवढा केक, वरचा सारा डोलारा नुसत्या साखरेचा. १८८२ साली राणीचा धाकटा मुलगा लिओपोल्ड याच्या लग्नात तिन्ही मजले खरोखर खाण्याजोग्या केकचे निघाले. मजल्यावर मजला चढवायचा तर साखरेचा लेप दगडासारखा घट्ट हवा; आणि लेप असा घट्ट नि गुळगुळीत झाला की वर बारीक रेघ काढायला पाटी तयार झाली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात साच्यांची जागा कोनाने घेत नेली. साचा एकदा कोरला की तेच फूल हजारदा निघते. कोनातून दर वेळी नवे काढावे लागते. म्हणजे येथे यंत्राकडून हाताकडे असा उलटा प्रवास झाला! कारण उघड आहे. त्या काळी हात साच्यापेक्षा स्वस्त होता.

हे हात कोणत्या खोल्यांत राबत होते? लंडनच्या बेकरी-कामगारांच्या गाऱ्हाण्यांची सरकारी चौकशी १८६२ साली ट्रेमेनहीअर यांनी केली. तळघरातल्या भट्ट्या, रात्री अकराला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लांबणारे काम, पिठाच्या पोत्यांवरच काढलेली डुलकी. हे सारे त्या अहवालामुळे उजेडात आले. १८६३ साली कायदा झाला आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना रात्री नऊ ते पहाटे पाच बेकरीत राबवण्यास मनाई झाली. त्याच १८६३ च्या जूनमध्ये लंडनमध्ये मेरी अॅन वॉकली नावाची वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी मेली. नव्याने आलेल्या युवराज्ञीच्या सन्मानार्थ होणाऱ्या नृत्यसमारंभाचे पोशाख वेळेवर व्हावेत म्हणून साठ मुलींबरोबर ती साडेसव्वीस तास सलग शिवीत होती. मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये तिची हकीकत नोंदवली म्हणून तिचे नाव उरले. सुईवाली आणि भट्टीवाला हे दोघे एकाच शहरात, एकाच वर्षी कायद्याच्या आणि मरणाच्या दारात उभे होते. पुढे त्या सुईचे टाके भट्टीवाल्याने साखरेत उतरवले, तेव्हा दोघांची ओळख कोणी करून दिली नाही.

पुढचा भाग भराभर सांगतो. १८९४ साली लंडनच्या बरो पॉलिटेक्निकमध्ये बेकरीची राष्ट्रीय शाळा निघाली. जी विद्या उस्ताद शागिर्दाला पाठ करून घ्यायला लावी ती फळ्यावर आली. १९३० नंतरच्या दशकात जोसेफ लॅम्बेथ याची पद्धत गाजली. एका रेघेवर दुसरी, तिच्यावर तिसरी, दर वेळी आधीपेक्षा बारीक नोझल, अशी रेघांची उतरंड रचून तो साखरेला उठाव आणी. त्याचे पुस्तक १९३४ साली आले. अलीकडे मोबाइलवर जुन्या धाटणीचे झालरीदार केक दिसतात ना, ते बहुतेक त्याच घराण्यातले. फक्त रॉयल आयसिंगच्या जागी लोण्याचे मऊ क्रीम.

मग युद्ध आले. १९४० च्या जानेवारीत इंग्लंडात साखरेचे रेशनिंग सुरू झाले आणि ऑगस्टपासून केक भाजल्यावर त्याच्यावर साखर चढवणे हाच गुन्हा ठरला. तरी लग्ने थांबत नाहीत. पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टरचे पांढरे, नक्षीदार टोप दुकानदार भाड्याने देत. आत मूठभर मनुकांचा छोटा केक लपलेला. फोटो निघाला की टोप उचलून परत. लोक हसत असतील, पण आम्हाला त्या टोपात निराळेच दिसते. खायची वस्तू गेली तरी नक्षी सोडायला माणूस तयार नव्हता. १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाला नऊ फूट उंच, पाचशे पौंडांचा चार मजली केक झाला. त्याचे सामान ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड मुलींनी पाठवले होते. सामान्य माणसाचे साखरेचे रेशन मात्र १९५३ च्या सप्टेंबरपर्यंत उठले नाही.

त्यानंतर ही कला दुकानातून घराकडे गेली. ऑस्ट्रेलियातल्या बायकांनी तिला कळस चढवला. केकच्या बुडाशी रेघेवर रेघ रचून पुढे आलेली कमान बांधायची, आणि वरून तिच्यावर उभे धागे सोडायचे. इतके जवळजवळ, की दोन धाग्यांमध्ये तिसरा मावू नये. हवेत ताणलेले ते साखरेचे धागे बोट लागताच कोसळतात. इंग्लंडात १९८१ साली साखरकाम करणाऱ्यांची गिल्ड स्थापन झाली आणि तीत छंद म्हणून येणाऱ्या गृहिणींची संख्या मोठी. आमचे यावर एक मत आहे, ते पटो न पटो. बायकांची लेस पुरुष कारागिरांनी साखरेत नेली तेव्हा तिला धंदा म्हणाले. तीच पुन्हा बायकांच्या हाती आली तेव्हा तिला छंद म्हणाले.

आपल्याकडे ही विद्या इंग्रज छावण्यांच्या आणि ख्रिस्ती घरांच्या वाटेने आली. मुंबई, वसई, गोवे येथील लग्नांत बदाम महाग म्हणून काजूचे मार्झिपान झाले, हा आपल्या लोकांचा शहाणपणा. पण येथील हवा या कामाची वैरीण आहे. साखर ओल ओढते. पावसाळ्यात लेसची पाकळी तीन दिवस सुकत नाही, आणि सुकलेली संध्याकाळी पुन्हा मऊ पडते. आमचा सावंतवाडीकर जूनपासून टेबलाखाली विजेचा दिवा लावून ठेवी. दुसरी अडचण अंड्याची. निम्म्या गिऱ्हाइकांना अंडे चालत नाही. या अडचणीतूनही वाट निघाली. पुण्याच्या प्राची धबल देब या बाईंनी बिनअंड्याच्या रॉयल आयसिंगमध्ये मिलानच्या चर्चवरून बेतलेली शंभर किलोंची इमारत उभी केली आणि २०२२ साली त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. त्यांच्या हाताला आमचा नमस्कार आहे. ज्या विद्येला ‘पुडी पिळणे’ म्हणून हिणवतात तिला जगाच्या पाटावर बसवण्याचे काम त्यांनी केले.

आणि आता सिलिकॉनची चटई आली आहे. रबरासारखी लवचीक, लेसचा नमुना खोदलेली. तिच्यात साखरेचे तयार मिश्रण खरवडून भरायचे, ओव्हनमध्ये सुकवायचे, आणि सोलून काढायचे. हातभर लेस, न तुटणारी, पाच मिनिटांच्या मेहनतीत. हीथकोटचे यंत्र दोनशे वर्षांनी केकवर पोचले! बीरच्या बायकांचे जे झाले ते आता या चार कारागिरांचे होऊ घातले होते. मागणीपत्रावर सही करताना आम्हाला याचीच धास्ती होती.

त्या मागणीपत्राचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. बोलणी कामगार अधिकाऱ्यांपुढे गेली. सुनावणीच्या दिवशी आमचा सावंतवाडीकर बारा पाकळ्या काढून पावाच्या डब्यात कापूस घालून घेऊन आला. लोकलच्या गर्दीत पाच फुटल्या, सात पोचल्या. त्या त्याने साहेबांच्या टेबलावर काळ्या कागदावर मांडल्या. आम्ही एक भरलेला कोनही नेला होता, तो मालकांच्या गृहस्थांपुढे ठेवला आणि म्हटले, “साहेब, एक रेघ काढून दाखवा.” गृहस्थ हसले, पण माणूस दिलाचा, त्यांनी कोन हाती घेतला. आधी काहीच येईना, मग एकदम गोळा आला. दुसरा प्रयत्न त्यांनी केला नाही. अधिकाऱ्यांनी एक पाकळी तळहातावर घेऊन दिव्याखाली धरली. “हे खायचे असते?” त्यांनी विचारले. सावंतवाडीकर म्हणाला, “होय साहेब. पण लोक बाजूला काढून ठेवतात.”

चौघांपैकी तिघांना कुशल वर्ग मिळाला. चौथा पोरगा नवा होता, त्याला अर्धकुशल. थकबाकी सोडून द्यावी लागली. आम्ही पेढे वाटले.

पेढे द्यायला त्या सावंतवाडीकराच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको खिडकीशी बसली होती. मांडीवर पाट, पाटावर बटरपेपर, हातात कोन. बेकरीत लागणाऱ्या पाकळ्यांपैकी निम्म्याहून अधिक ती घरी काढीत होती. डझनावर पैसे, फुटेल त्याचे नाहीत. सुनावणीला नेलेल्या बारांपैकी नऊ तिच्याच हातच्या होत्या. मागणीपत्र लिहिताना आम्ही तिची चौकशी केली नव्हती. हजेरीपटावर जे नाव नाही ते आम्हालाही दिसले नव्हते. “भाऊ,” ती म्हणाली, “आमचं काही झालं का?”

तिचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात लिहिला. घरी काम करणारी बाई कामगार ठरते की नाही यावर तो अडला आहे. तारखा पडत आहेत. मध्यंतरी त्या बेकरीत दोन चटया आल्या, आणि तिच्याकडे येणाऱ्या डझनांची संख्या निम्म्यावर आली.